जोतीरामांची उलटी दाढी

शिवाजी पेठेत जोतीराम साळोख्यांइतका शूर माणूस शोधून सापडला नसता. रोज सकाळी त्यांचं रक्त सांडायचं, तेही स्वतःच्याच हातानं. सगळी नोकरी एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली, त्यामुळं ते बोलत नसत, घोषणा करत. दाढीबद्दलची घोषणा ठरलेली होती : "गार पाणी, उलटा हात, तीन मिनिटं. मर्दाला जास्त टाईम लागत न्हाय." दाढी तीन मिनिटांतच व्हायची, हे खरं. पुढची पंधरा मिनिटं गालांवर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवण्यात जायची. ती घोषणेत नसत.

पूर्वी ते गल्लीतल्या गुंडूच्या दुकानात जायचे. अकरा वर्षांपूर्वी गुंडूनं, वस्तरा त्यांच्या हनुवटीखाली असताना, त्यांच्या लाडक्या फुटबॉल संघाच्या गोलकीपरला 'चाळण' म्हटलं. जोतीराम संतापून वळले आणि हनुवटी कापून घेतली. "दादा, मान तुमी हलवलासा," एवढंच गुंडू म्हणाला. त्या दिवसापासून ती पायरी बंद.

गेल्या डिसेंबरात ते रंकाळ्याकडं जाताना स्कूटरवरून पडले. कुत्रं आडवं आलं, असं ते सांगतात. कुत्रं झोपलं होतं, असं बघणारे सांगतात. उजव्या मनगटाला सहा आठवड्यांचं प्लॅस्टर बसलं. चार दिवसांत दाढी खाजायला लागली, आणि रविवारी पुतणीचा साखरपुडा. डाव्या हातानं प्रयत्न करून झाला. कानाची पाळी थोडक्यात वाचली. गुंडूकडं जायचं म्हणजे गोलकीपर चाळण होता हे कबूल करायचं. ते तर शक्यच नव्हतं.

"बसा हितं," बाळाबाई म्हणाल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला एवढ्या थोडक्यात कधी सांगितलं नव्हतं.

"तू? तुला काय कळतंय दाढीतलं?"

"काय न्हाय. बसा."

त्यांनी गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल त्यांच्या तोंडावर दाबून धरला.

"भाजलो की!"

"आंघोळीला ह्येच्यापेक्षा कडक पाणी लागतंय तुमाला."

ब्रश आधीच पाण्यात भिजत घातला होता. बाळाबाईंनी गोल गोल फिरवून दाट फेस केला, तो गालभर चोपडला आणि सरळ आमटी ढवळायला निघून गेल्या. जोतीराम फेसात बसून राहिले.

"अगं ए, विसरलीस काय मला?"

"केस मऊ हुंद्यात. गाडी सुटत न्हाय कुठली."

परत येऊन त्यांनी रेझरमधलं ब्लेड काढून उजेडात धरलं. दिवाळीच्या आधीपासूनचं होतं. "ह्ये ब्लेड न्हवं, करवत हाय," म्हणून टाकून दिलं आणि नवं घातलं. मग डाव्या हातानं गालाचं कातडं ताणून, केस वाढतात त्याच दिशेनं, आखूड आखूड हात फिरवला. दाब नाहीच. रेझर आपल्याच वजनानं खाली येत होता. पुन्हा थोडा फेस लावून एक आडवा हात. उलटा एकदाही नाही. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा.

जोतीरामांनी डोळे मिटले होते. आपल्या तोंडाला एवढा हलका हात शेवटचा कुणी लावला होता, ते त्यांना आठवेना. गाल चाचपला. कपटा लावायला जागाच नव्हती.

"कुठं शिकलीस?"

"माहेरी, चंदगडला. माझ्या वडलांना, आबांना, लकवा मारलाता. पावसात गावात न्हावी यायचा न्हाय. चार वर्सं मीच केली त्यांची दाढी. तोंड वाकडं, कातडं लोंबल्यालं, पर एक वरखाडा न्हाय उठला कधी."

"मग चौतीस वर्सं गप का बसलीस?"

"लग्नानंतर आठव्या दिवशीच सांगितलंतं. तुमी म्हणालासा, तुला काय कळतंय दाढीतलं."

जोतीराम तुरटीचा खडा पुसून जागेवर ठेवायला उठले.

पण माणूस मोठा जिद्दीचा. प्लॅस्टर निघालं आणि महिन्याभरात तालमीच्या कट्ट्यावर 'जोतीरामांची पद्धत' गाजू लागली. गरम पाणी, भिजवलेला ब्रश, सुलटा हात, सगळं त्यांनी स्वतः संशोधन करून काढलेलं. आबा, चंदगड आणि बायको एवढं किरकोळ वगळलं, की बाकी सगळं खरं होतं.

एका रविवारी शेजारचा राजवर्धन मानेवर पुरळ घेऊन आला. त्याच्या लग्नाला दहा दिवस राहिले होते. जोतीरामांनी त्याला बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसवलं. कट्ट्यावरचे चौघे बघायला आले. गाल झकास झाले.

"काका, मानंवर कुणीकडनं कुणीकडं?" राजवर्धननं विचारलं.

जोतीरामांनी रेझर वर धरला, मग खाली धरला, मग ते खाकरले.

"आधी बोटं फिरवून बघ म्हणावं," आतून आवाज आला. "एकाच मानंवर केस दोन वाटांनी वाढत्यात. जिथं बोट अडतंय, तिथं वाट बदलायची."

राजवर्धननं बोट फिरवलं. अडलं. तो उठला आणि खुर्ची उचलून, स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून बसला. "काकी, आता पुढं सांगा."

चौघांनीही माना तिकडं वळवल्या.

हल्ली रविवारी साळोख्यांच्या सोप्यात दोघं-तिघं तरी असतात आणि बाळाबाई भाजी निवडता निवडता एकेकाला झापत असतात. जोतीरामांचा मान मात्र कमी झालेला नाही. पाणी तापवायचं काम त्यांच्याशिवाय कुणाला देत नाहीत.