टाळ घेऊन मोर्चाला

भजनी मंडळात पखवाज वाजवायला बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पखवाजाला लावायच्या कणकेसारखे ते आपोआप हाताला चिकटतात! त्यात आमचं मंडळ अमळनेरकडचं, आणि कीर्तनकार आबा म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. "देव मानतो ना? मग माणसाच्या बाजूनं उभं राहा," एवढाच त्यांचा वेदान्त. त्यामुळे एकादशीला आम्ही देवळात, आणि एरवी कुठल्या ना कुठल्या मोर्चात!

*

गावाच्या टोकाच्या वस्तीला नळ नव्हता. टाळ-पखवाज घेऊन आम्ही तहसील कचेरीसमोर बसलो. इन्स्पेक्टर आले. "घोषणाबाजीला परवानगी नाही!"

आबा म्हणाले, "साहेब, हाई घोषणा नही, भजन शे!"

दुपारपर्यंत आम्ही असा ठेका धरला, की तहसीलदार तणतणत बाहेर आले. पण समोर विठोबाची तसबीर, गजर टिपेला! सवयीनं त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि आमच्यातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो : 'तहसीलदारांचाही आंदोलनाला पाठिंबा!'

नळ आला.

*

अंगणवाडीतल्या शकुंतलाअक्कांनी पहिल्यांदा वीणा गळ्यात घातली, तेव्हा देवळाचे एक ट्रस्टी उसळले. "बाईमाणसानं वीणा घ्यायची नाही! देवाला चालत नाही."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "विठोबाला तुम्ही काय म्हणता?"

"माउली!"

"मग मायले लेक चालत नही, हाई तुले कोनी सांगं?"

वीणा आजही अक्कांकडेच आहे.

*

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कीर्तन होतं. त्याचा पीए आबांच्या कानाशी लागला, "आबा, भाऊंबद्दल दोन शब्द चांगले बोला."

आबा म्हणाले, "कीर्तनात आम्ही गेलेल्यांचे गुण गातो. भाऊंना घाई आहे का?"

*

तोच पुढारी नंतर तावातावानं आबांच्या घरी आला. "आबा, कीर्तनकारानं राजकारणात पडू नये!"

"एकदम कबूल," आबा म्हणाले. "मग आजपासून तुम्हीही प्रचाराचा नारळ देवळात फोडू नका."

चहा न पिताच गेला!

*

आणि साक्रीकडचं ते गाव. भंडाऱ्याच्या जेवणाआधी कीर्तन होतं. मांडव भरलेला, पण डोंगराकडच्या पाड्यातल्या बाया बाहेर रस्त्यावर बसलेल्या. आबांनी विचारलं, तर सरपंच म्हणाला, "त्या तिथेच बसतात. त्यांना नंतर वाढतो."

आबा निरूपण अर्धवट टाकून खाली उतरले आणि चालत रस्त्यावर गेले. मागे वीणा घेतलेल्या अक्का, मागे टाळकरी, आणि पखवाज गळ्यात अडकवून मी. त्या बायांमध्ये उभं राहून आबांनी पुन्हा सुरुवात केली.

सरपंचानं आबांच्या उपरण्याला लावलेला माईक बंद करवला. आबा तसेच गात राहिले. चार-पाच पोरं बाह्या सरसावून पुढे आली. मी ठेका सोडला नाही.

"आबा!" सरपंच मांडवाच्या तोंडाशी येऊन ओरडला. "देव इकडे मांडवात आहे! तिकडे कोणासमोर गाता?"

आबा गातच होते.

तेवढ्यात सरपंचाची म्हातारी आई उठली. चौरंगावरची विठोबाची मूर्ती तिनं उचलली, छातीशी धरली आणि मांडवातून चालत लेकासमोर आली.

"सरक बाजूले," ती म्हणाली. "देवले जाऊ दे."