यमाला न आवडणारं नाव

कडूबाईच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली. पाचवी ही झाली, तेव्हा यमाने तोंडात घालताच थुंकून टाकावी म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं. उपाय असा लागू पडला की नवरा, दीर आणि तिला औषध देणारे दोन वैद्यही गेले, बाई मात्र ठणठणीत. गोरेगावच्या बाजारात ती वांगी विकायची आणि भाव पाडून मागणाऱ्याची इज्जत फुकटात उतरवायची.

१९५३ साली मी तिथे मास्तर होतो. संध्याकाळी एका पादरीसाहेबांना मराठी शिकवायचो. ते जुन्या हिब्रू पोथीतली एक गोष्ट मराठीत आणत होते. परमुलखात नवरा आणि दोन मुलगे गमावून एक बाई गावी परतते. तिचं नाव गोड अर्थाचं. ती म्हणते, त्या नावाने हाक मारू नका, मला कडू म्हणा. साहेब सांगायचे, हिब्रूत दुःख जिभेला लागतं. दुखावलेल्या माणसाला तिथे कडव्या जिवाचा म्हणतात. इथल्या बाईमाणसाला हे पटतं का पाहावं, म्हणून मी कडूबाईला बोलावलं. चूक माझीच.

गोष्ट ऐकून ती म्हणाली, "बाई शानी होती. पन उशीर केलन. नाव आंधीच बदलवलं असतं तं पोट्टे वाचले असते."

हा उपाय नव्हे, आक्रोश आहे, हे साहेबांनी तासभर समजावलं. बाईने मान डोलावली आणि आपल्याला हवं तेवढं घेऊन गेली.

तिची मुलगी सुमित्रा नुकतीच बाळंत झाली होती. आधीचे दोघे, राजकुमार आणि हिरालाल, वर्षाच्या आत गेले. यमाने लाडू उचलावे तसे उचलले, असं कडूबाई म्हणे. आता नातीला कडूच म्हणायचं. पण जावई खेमराज मॅट्रिक झालेला, कापडाचा दुकानदार. त्याने मधुमालती हे नाव ठरवूनही टाकलं होतं. तिसऱ्यांदा मला सोसणार नाही, असं कडूबाई मला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी पाहिलं.

बारशाला ती साहेबांनाच साक्षीला घेऊन आली. साहेबांना खोटं बोलता येत नसे. पोथीत तसं लिहिलंय, हे त्यांनी कबूल केलं. पण पुढे त्या बाईला कोणी एकदाही कडू म्हटलं नाही, आणि शेवटी तिच्या मांडीवर बाळ खेळतं, हेही सांगून टाकलं. खेमराज जिंकला. आत्याने बाळाच्या कानात मधुमालती म्हटलं.

कडूबाईने घुगऱ्या खाल्ल्या आणि म्हणाली, "कागदावर मधू राहू द्या. यमाले वाचता येत नाही." त्यावर खेमराजने घरात दुसरं नाव घ्यायला साफ बंदी केली.

भाद्रपदात पोरीला ताप भरला. भर दुपारी मी हिवतापावरचं कुनैन घेऊन गेलो. सुमित्रा कपाळावर ओली फडकी ठेवत होती. कडूबाई कोपऱ्यात तोंड मिटून बसली होती. बंदी होती ना. खेमराज पाळण्यावर वाकला होता आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होता, "कडू आहे ही पोट्टी. कडू जहर. कडू, ए कडू."

कडूबाईने पाळण्याची दोरी हातात घेतली. "आखीन जोरानं मना, जवाईबापू," ती म्हणाली. "तो बहिरा आहे."

पोरगी वाचली. कुनैनमुळे, असं मी म्हणतो. गोरेगावात माझं कोणी ऐकत नाही.