कडी घातली का वं?

गल्लीत कुणी जरा मोठ्याने बोललं, तरी समोरचे मामा उठून आपल्या दाराची कडी चाचपत. मग गल्ली ओलांडून आमच्या दाराशी येत. "कडी घातली का वं?" तुमच्याही शेजारात असं एखादं भित्रं माणूस असेलच. आम्ही पोरी त्यांची नक्कल करून खिदळायचो.

मामा विणकर होते. नात्याने कुणाचेच नव्हते, पण गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांचा थोरला भाऊ एका मोर्चात गेला तो परत आलाच नाही, असं आई एकदा हळूच म्हणाली होती.

नागपूरची राजधानी गेली, त्यानंतरची गोष्ट. वेगळ्या विदर्भासाठी सकाळी मोर्चा होता. माझे वडील शाळामास्तर. ते मला घेऊन निघाले. मामांनी गल्लीभर ताणा लावला होता. लुगड्याचं सूत लाकडी घोड्यांवर ताणायचं, त्याला भाताची खळ लावायची आणि वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहायचं.

"आज सारे तिकडं जातीन. गल्ली मोकळी सापडली," मामा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "गुरुजी, पोरीले काहून नेऊन राहिले?"

"येऊ द्या हो, चार शब्द कानावर पडतील," वडील हसले.

मोर्चात मला मजा आली, खोटं कशाला सांगू? घसा बसेपर्यंत ओरडले. पण पुढे नुसत्या पाठी दिसत होत्या. एकाएकी त्या पाठींचे चेहरे झाले. कुणी म्हणे लाठ्या, कुणी म्हणे गोळी. वडिलांचा हात सुटला. थांबले असते तर तुडवली गेले असते, म्हणून लोंढ्याबरोबर धावत राहिले.

आमच्या गल्लीत वळले तर समोर ताणा. मागून शेकडो माणसं. आता सगळे त्यात अडकून पडणार, हे मला स्पष्ट दिसलं. मामांनाही दिसलं. त्यांनी विळा घेतला आणि कित्येक दिवसांच्या मेहनतीचं सूत सपासप कापलं, घोड्या भिंतीशी लोटल्या. ओल्या सुतावरून माणसं धावली.

आमच्या दाराला आईने आतून कडी घातली होती, मामांचीच शिकवण. त्यांनी मला आपल्या घरात ओढलं. मी दार लोटू लागले.

"मामा, कडी घालू?"

"नको वं. मागचे येऊन राहिले."

ते उंबऱ्यात उभे राहिले. हाताला लागेल त्याला आत घेत होते.

संध्याकाळी वडील एका पायात चप्पल घालून परतले. मामा लगेच हजर. "गुरुजी, घाला बरं आता कडी."

पुढे कित्येक दिवस ते ओसरीवर चिखलातलं सूत सोडवत बसले होते. त्यांना मी पुन्हा हसले नाही.

मामा गेले त्या सकाळी त्यांचं दार सताड उघडं होतं. लोक आत-बाहेर करत होते, कडीचं कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी उंबऱ्याशीच थबकले. त्या उघड्या दाराची मला फार भीती वाटली.