शटरला तेल नको

मी शटर दुरुस्त करते म्हटलं, की डहाणू रोडला लोक विचारतात, "कुठल्या दुकानाचं?" एकदा एक किराणावाले शेठ थेट दारात आले. "बेन, जरा चला ना, अर्ध्यावरच अडकलंय." मी त्यांना कॅमेऱ्याचं शटर दाखवलं. ती नखाएवढी पाती त्यांनी बराच वेळ निरखली आणि विचारलं, "याला ग्रीस कुठे लावता?"

कुठेच नाही. पाती कोरडी ठणठणीत हवीत. तेलाचा ओशट हात जरी लागला तरी ती एकमेकांना चिकटतात. एवढी साधी गोष्ट मला गावाला पटवता आलेली नाही, आणि आमच्या ह्यांना तर नाहीच नाही. वाडीतला पंप, फाटक, शिलाई मशीन, जे कुरकुरेल त्याला हे तेल घालतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यालाही घातलं. प्रेमाने घातलं होतं, म्हणून ओरडू नये असं ठरवलं होतं. तरी ओरडलेच.

बाबा म्हणजे माझे सासरे. स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. याच कॅमेऱ्याने त्यांनी तलासरीकडची कितीतरी लग्नं टिपली. माझं माहेर तिकडचंच. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात फोटो काढायला आले आणि मला सून म्हणून पसंत करून गेले. शटर खोलायला, धुवायला, पुन्हा बसवायला त्यांनीच मला शिकवलं. मग काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि बाहेरगावाहून दुरुस्तीला येणारे कॅमेरे माझ्या टेबलावर येऊ लागले.

त्या टेबलाकडे बाबा नंतर फिरकले नाहीत. दिवसभर ओटीवर पाठ करून बसायचे. जेवायला हाक मारली तर "हं", कधी तेही नाही. कामातलं काही विचारलं, की "मला आंधळ्याला काय विचारतेस?" असंच तोडून टाकायचे. माणूस डोळ्यांदेखत घरातून निघून चालला होता, आणि मला ते सहन होत नव्हतं.

कॅमेरा बिघडल्याचं कळलं तेव्हा म्हणाले, "देऊन टाक कुणाला तरी."

"दुरुस्त करते."

"नाही व्हायचा."

आमच्या माहेरी डोंगराच्या उतारावर नागली पिकवतात. नाही व्हायचं, हे कारण तिकडे कुणी ऐकून घेत नाही. मी टेबल उचललं आणि ओटीवर, बाबांच्या पाठीमागेच आणून मांडलं.

लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलने पाती धुतली. उघडझाप झकास होऊ लागली. अडलं ते एका सेकंदावर. तेवढा वेळ शटर उघडं राहावं म्हणून आत बारीक दातेरी चाकं असतात. ती टर्रर्र करत फिरतात आणि मग पाती मिटतात. ह्यांचं तेल झिरपत त्या चाकांपर्यंत पोचलं होतं आणि खाऱ्या हवेने चिकासारखं घट्ट झालं होतं. चाकं काढली, धुतली, बसवली. टर्रर्र, मग शांतता, मग पुन्हा र्र. पुन्हा खोललं. हे चहा घेऊन आले आणि म्हणाले, "एक थेंब घालून बघू या का?" मी नुसतं बघितलं. चहा ठेवून गेले.

आणखी एकदा धुतल्यावर शटर एका दमात चाललं. "झालं एकदाचं!" मी मोठ्याने म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

"काय झालं?" बाबा पाठमोरेच खेकसले. "कान आहेत की नाहीत तुला? अडखळतंय ते."

इतक्या महिन्यांत ते माझ्यावर चिडले नव्हते. इतका आनंद झाला मला!

"कुठे अडखळतंय?"

"पुन्हा दाब." दाबलं. "पुन्हा." आता त्यांनी मान वळवली होती. "सुरुवातीला नाही, शेवटाला नाही. मधल्या चाकाचे दात बघ."

भिंगाखाली एका दाताच्या मुळाशी गंजाचा कण दिसला. बांबूची काडी तासून टोकदार केली आणि तो कण काढला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते बाह्यांना पुसत चाकं परत बसवली आणि कॅमेरा त्यांच्या कानाशी धरला.

टर्रर्रर्र. टक.

बाबांनी स्वतः कळ दाबून आणखी दोनदा ऐकलं.

"अजून काय पडलंय दुरुस्तीला?"

"दोन आहेत."

भिंतीला हात लावत ते उठले. चाचपडत टेबलापाशी आले आणि माझ्या बाकाची कड त्यांच्या हाताला लागली.

"सरक जरा," म्हणाले.