बुधवारची सुरमई

अकोल्यात राहणाऱ्या माणसाने समुद्राच्या माशावर प्रेम करू नये. मी केलं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नवराबायको नाशिकला ताईकडे जातो, तेव्हा लोक म्हणतात, भावाला बहिणीची किती ओढ! ओढ आहेच. पण ताईच्या सातपूरच्या घरापासून रिक्षाने जरासं गेलं की एका मालवणी काकूंची खाणावळ लागते आणि तिथली तव्यावरची सुरमई आठवून मी वर्षभर उसासे टाकतो, हेही तितकंच खरं.

यंदा सुट्टी तुटपुंजी मिळाली. रविवारी पोचलो, शुक्रवारी सकाळी परतीची गाडी. सोमवारी चहा घेतानाच मी जाहीर केलं, "आज सुरमई!"

"आज सोमवार," ताई म्हणाली. सोमवार तिच्या शंकराचा.

मंगळवारी माझ्याच बायकोचा गणपती आडवा आला. गुरुवार दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा. त्या दिवशी ते अंड्याच्या गाडीसमोरून जायचं टाळून लांबचा रस्ता धरतात. मी एकटाच जाऊन येतो म्हटलं, तर ताईने लाटणं खाली ठेवलं. "जा की. आम्ही खातो भेंडी. कुणी विचारलं तर सांगेन, भाऊ आला होता, बाहेर जेवून गेला."

असं ऐकल्यावर पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. राहिला एकटा बुधवार. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून चष्मा लावून तपासलं. एकादशी नाही, चतुर्थी नाही. तरी एक धास्ती होतीच. दाजींचे सख्खे चुलते देवळाली कॅम्पात अंथरुणाला खिळलेले. भावकीतला माणूस गेला की ताई-दाजींना सुतक, आणि सुतकात मासे बंद. मात्र आमच्याकडे सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. तोवर माणूस मोकळा.

बुधवारी दुपारी आम्ही चौघं खाणावळीत बसलो. काकू म्हणाल्या, "नशीब काढलंत. चारच तुकडे उरलेत." आणि त्यांनी दारावर 'मासे संपले'ची पाटी लावली. ती पाटी पाहून मला जो आनंद झाला, तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता.

ताटं आली. रव्यात खरपूस झालेली सुरमई, लालभडक कालवण, सुका जवळा, भाकरी, सोलकढी. दाजींनी पहिला घास उचलला आणि त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'कॅम्प वहिनी'.

चौघांच्या मनात एकच गोष्ट आली.

"उचलू नका," मी म्हणालो.

"अहो मेहुणे, काका..."

"काका असतील तर दहा मिनिटांनीही असतील. नसतील तर दहा मिनिटांनीही नसतील. सुरमई मात्र गार होईल."

दाजींनी ताईकडे पाहिलं. घरातलं शास्त्र तिच्या ताब्यात. ताईने शांतपणे फोन पालथा केला, त्यावर रुमाल टाकला आणि म्हणाली, "जेवा."

आता सांगा, असं जेवण होतं का? फोन रुमालाखाली थरथरतोय, थांबतोय, पुन्हा थरथरतोय आणि आम्ही स्टेशनवर गाडी सुटत असल्यासारखे घास कोंबतोय. मी तर जन्माचा मूर्ख. आवडीची वस्तू शेवटी खायची, ही माझी सवय. त्यामुळे कालवण, जवळा, भाकरी यांच्याशी झटापट चालू होती आणि सुरमई ताटाच्या कडेला अनाघ्रात.

शेवटी दाजींना राहवलं नाही. त्यांनी डाव्या हाताने फोन कानाला लावला. "हं वहिनी... हो... बरं." चेहरा गंभीर.

ताईने हातातला घास ताटात ठेवला. "गेले?"

"उठून बसलेत. इतके दिवस नुसत्या पेजेवर होते, आज म्हणतायत मासा पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलंय, मागतील ते द्या."

मागतील ते द्या, याचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही. दाजींनी हाक मारली, "काकू, एक सुरमई पार्सल." काकूंनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

मग तीन माना माझ्या ताटाकडे वळल्या. बाकी तुकडे अर्धेमुर्धे खाल्लेले. आजारी वडीलधाऱ्याला उष्टं कसं द्यायचं?

"तुझा तसाच आहे," ताई म्हणाली. लहानपणी माझ्या वाटणीचा लाडू उचलण्याआधी ती अशाच मऊ आवाजात बोलायची.

"माझा हात लागलाय."

"नाही लागला," माझी बायको म्हणाली. "मी केव्हाची बघतेय."

"मी लिंबू पिळलंय त्यावर."

"काकांना लिंबू फार आवडतं," दाजी म्हणाले.

माझ्या डोळ्यांदेखत काकूंनी ती सुरमई चंदेरी कागदात गुंडाळली, वर सोलकढीची पिशवी दिली. दाजी रिक्षा करून कॅम्पाकडे निघाले. ताईने तिच्या ताटातला शेपटीकडचा तुकडा माझ्याकडे सरकवला. त्यात मासा कमी आणि काटे जास्त. मी भात मागवून त्यावर कालवण ओतून घेतलं आणि काटे काढत बसलो.

संध्याकाळी दाजी आले. मी उंबऱ्यातच गाठलं. "खाल्ली?"

"दोन घास. समाधान वाटलं त्यांना. म्हणाले, छान आहे."

"आणि बाकीची?"

दाजींनी चपला काढायला उगाचच वेळ लावला. "वहिनी म्हणाल्या, वाया कशाला घालवायची. मोठ्यांचं उष्टं चालतं आपल्यात." मग मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "मेहुणे, गार होऊनसुद्धा काय लागत होती हो!"