चार्ज कोणाले देता

सरकारी नोकरीतल्या बाईला दिवस गेले की ती आधी नवऱ्याला सांगते, मग डॉक्टरकडे जाते आणि तिथून आली की कॅलेंडर घेऊन बसते. मीही बसले. पगारी रजा एकशे ऐंशी दिवस. त्यातले बाळंतपणाच्या आधी जितके घ्याल तितके बाळाच्या वाट्यातले गेले. म्हणून आमच्यातली प्रत्येक जण शेवटच्या आठवड्यापर्यंत पोट सांभाळत कामावर जाते आणि वर लोकांना सांगते, छे, मला काही त्रास नाही. मला त्रास होता. पाय संध्याकाळपर्यंत असे सुजायचे की चपलेचा पट्टा बसायचा नाही. पण सांगून रजा वाढणार नव्हती.

मी तलाठी आहे. आता आमच्या पदाला नवं, लांबलचक नाव मिळालंय, पण गावात मी तलाठीबाईच. माझ्या साझ्यात चार गावं. राहते वर्ध्यात, सासरचं किराणा दुकान आहे तिथे. सकाळी एसटीने जामला उतरायचं, एका खानावळीच्या मागे ठेवलेली स्कुटी काढायची आणि आत आठ-दहा किलोमीटर जायचं. परत येताना हेच उलटं. पोटातल्या लेकराने जगात येण्याआधी तो रस्ता पाठ केला असेल.

तीन महिने मी कोणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे सांगतच नाहीत. नजर लागते म्हणतात, कच्चं असतं म्हणतात, आणि शिकलेल्या बायकाही हसत हसत ते पाळतात. मीही उलट्या पित्तावर ढकलल्या. तीन महिने भरल्यावर ऑफिसात सांगितलं, तेव्हा शिपायापासून सगळ्यांना आधीच माहीत होतं.

सातव्यात ओटी भरून मी माहेरी, नाचणगावला जावं, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत. मी त्यांना समजावलं की सातव्यात गेले तर मी परत कामावर जाईन तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असेल. दुकानदाराची बायको त्या, हिशेब त्यांना एका फटक्यात कळला. ओटी भरली आणि दुसऱ्या दिवशी मी जामच्या गाडीत होते.

अर्जाचं काम मला सोपं वाटलं होतं. विहित नमुना, डॉक्टरचा दाखला, त्यावर संभाव्य तारीख, जुलैचा पहिला आठवडा. हयात अपत्ये: निरंक. रजेच्या काळातला पत्ता: नाचणगाव. हे सगळं घेऊन मी मंडळ अधिकाऱ्यांकडे गेले. ते आमचे थेट वरिष्ठ, निवृत्तीला आलेले आणि मनाने वाईट नाहीत. त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "रजा तुमचा हक्क आहे, मॅडम. कोणी अडवू शकत नाई. फक्त चार्ज कोणाले देता, ते सांगा."

ही ओळ कोणत्याही नियमात नाही. मी शोधली आहे. पण आमच्याकडे चालत आलेली पद्धत अशी की जाणाऱ्यानेच आपला साझा सांभाळणारा माणूस शोधायचा आणि त्याच्या संमतीची चिठ्ठी अर्जाला जोडायची. चिठ्ठी नसली तर अर्ज नामंजूर होत नाही, नुसता पडून राहतो. आणि बाळ काही पडून राहत नाही.

एप्रिल-मे त्यातच गेले. मुलीसाठी स्थळं पाहणाऱ्या बापासारखी मी सातव्या-आठव्या महिन्यात दारोदार फिरले. एका तलाठ्याकडे आधीच तीन साझे होते. त्याने सरळ हात जोडले. दुसऱ्याने दोनदा विचार करून सांगतो म्हटलं आणि मग माझा फोनच उचलणं सोडलं. मला राग यायचा, पण त्यांचंही चूक नव्हतं. एका माणसाच्या पगारात दोघांचं काम कोण आनंदाने घेईल? मी तरी घेतलं असतं का? नसतं घेतलं.

उरली होती ती शेजारीण. म्हणजे तिचा साझा माझ्या साझ्याला लागून, म्हणून आम्ही एकमेकींना शेजारीणच म्हणायचो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. तीही वर्ध्याहून यायची. कमी बोलायची आणि काम स्वच्छ करायची. तिला मी सगळ्यात शेवटी विचारलं, कारण ती नाही म्हणणार नाही याची मला खात्री होती. अशी माणसं आपण राखून ठेवतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जामच्या चौकात आम्ही परतीच्या गाडीची वाट पाहत चहा घेत होतो. मी सरळ विषय काढला. ती म्हणाली, "महिनाभर थांबता का, ताई? मंग सांगतो."

महिनाभर! महिनाभराने मी बाळंतीण असणार होते. माझं डोकं फिरलं. दिवसभर ऊन खाल्लेलं, पाठ दुखत होती, दोन महिन्यांचे नकार पोटात साठले होते, ते सगळे तिच्या अंगावर गेले. मी म्हणाले, "काऊन थांबू? तुले काय अडचण आहे? घरी ना लेकरू, ना बाळ."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चहाचा कप अर्धाच ठेवला, पर्समधून पेन काढला आणि म्हणाली, आणा. मी चिठ्ठी लिहूनच आणली होती. तिने सही केली. गाडी आली, आम्ही शेजारी बसलो आणि मी सेवाग्राम येईपर्यंत झोपले. इतकी निश्चिंत झोप मला त्या नऊ महिन्यांत लागली नव्हती.

पुढे सगळं पटापट झालं. रजा मंजूर झाली, अतिरिक्त कार्यभाराचा आदेश तिच्या नावाने निघाला. मी तिला दप्तर दिलं, किल्ल्या दिल्या, कोणत्या गावचा माणूस भांडकुदळ आहे तेही सांगितलं. ती लिहून घेत होती. जुलैच्या सुरुवातीला मुलगी झाली.

बाळंतपणाच्या रजेला सुट्टी का म्हणतात मला कळत नाही. दोन आठवडे मी कोणता वार आहे हे विसरले होते. त्यात जुलैच्या मध्यात पाणी असं बदाबदा पडलं की आमच्या भागातली पेरणी खरडून गेली, आणि पंचनामे लागले. म्हणजे बांधाबांधावर जाऊन कोणाचं किती गेलं ते मांडायचं. तिच्याकडे आता सात गावं होती. माझ्या मनात आलं, बरं झालं मी नाही. हे मी खरं सांगते आहे. चिखलात गुडघाभर रुतून चालायचं काम, आणि मला घरी शेक-शेगडी. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग गावातले फोन मला यायला लागले. बाई, नवीन मॅडम येऊन नाई राह्यल्या. बाई, त्यायचा फोन बंद आहे. मी तिला लावला, बंद. मंडळ अधिकाऱ्यांना लावला तर म्हणाले, रजेवर गेल्या आहेत, घरगुती कारण आहे, दहा-बारा दिवस. मुलगी मांडीवर रडत होती. भेटायला आलेल्या नवऱ्याजवळ मी चडफडले की ऐन पंचनाम्यात हिला सुट्टी बरी सुचते. दोन आठवड्यांनी तिचा फोन सुरू झाला. मी काही विचारलं नाही, ती काही बोलली नाही. माझा राग मात्र मी जपून ठेवला होता.

रजा संपली तेव्हा मुलगी पावणेसहा महिन्यांची होती. तिला नाचणगावहून आलेल्या माझ्या आईजवळ ठेवून मी पहिल्या दिवशी साझ्यावर गेले. ग्रामपंचायतीला लागून आमची एक खोली आहे. शेजारीण आधीच येऊन बसली होती. तिने नोंदवह्या एकेक करून समोर ठेवल्या, पंचनामे गावनिहाय लावलेले, एकही ओळ अर्धी नाही. माझ्या हातून इतकं नीट कधी झालं नव्हतं. माझं अंगावरचं दूध दाटून आलं होतं, दुखत होतं, आणि लवकर सह्या करून घरी जावं एवढंच मला हवं होतं. तरी जपलेला राग बाहेर आलाच. मी हसत म्हणाले, "जुलैत कुठं गेलती तू? लोकायनं माह्या डोक्याचं दही केलं."

ती वहीकडे पाहत म्हणाली, "दवाखान्यात होती, ताई. पोटात होतं माह्या. चौथा लागला होता. राह्यलं नाई."

दिवस मोजायची मला सवय आहे. मी मागे मोजत गेले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापाशी पोचले. तेव्हा दोन महिने झाले असतील. महिनाभर थांबता का, असं ती म्हणाली होती. महिन्याने तीन पूर्ण होणार होते आणि तिला तोंड उघडता येणार होतं. ही रीत मी स्वतः पाळलेली. जगातल्या बाकी कोणाला नाही तरी मला ते कळायला हवं होतं.

तिने उरलेलं आपणहून सांगितलं. तीन महिने भरल्यावर ती मंडळ अधिकाऱ्यांना सांगणार होती, पण तोवर आदेश निघाला होता आणि पाणी लागलं. नवऱ्याला आणि आईला तेवढं माहीत आहे. डॉक्टरीण म्हणाली की गाडीमुळे, चालण्यामुळे असं होत नसतं. आई म्हणते, गाडीनेच झालं. तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते मी विचारू शकले नाही.

मला काहीतरी करायचं होतं, आणि आमच्यासारख्यांना नियमच आठवतो. मी म्हणाले, यासाठी वेगळी सहा आठवड्यांची रजा असते, तू आपल्या शिल्लक रजेतले बारा दिवस का घालवले? अजूनही बदलून मागता येईल, अर्ज मी लिहून देते. तिने मान हलवली. "त्यात लिहा लागन ना, ताई. तो कागद किती टेबलायवरून जाईन." ते खरंच होतं. मी इतकी वर्षं नोकरी करते आहे, तशा रजेचा अर्ज कोणी केलेला मी पाहिलेला नाही. नियमात आहे, मागायला कोणी जात नाही.

मग मी माफी मागितली. नीट शब्दही सापडले नाहीत. त्या दिवशी जामला मी तसं बोलायला नको होतं, एवढं म्हणाले. ती म्हणाली, "तुमाले कुठं माहीत होतं."

मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पुष्कळ दिवस मी त्याच्या आडोशाला बसायचा प्रयत्न केला. पण तिच्या पोटात काही नसतं तरी ते वाक्य तेवढंच वाईट होतं. चार वर्षं वाट पाहणाऱ्या बाईला मी तिचं रिकामं घर सोय म्हणून दाखवलं होतं.

सह्या झाल्या. किल्ल्या माझ्याकडे आल्या. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"ताई, पुढं कधी माह्यावर वेळ आली तर माहा चार्ज तुमी घ्यान?"

मी वहीतला कागद फाडला आणि तिथल्या तिथे संमती लिहिली: तिचा साझा, तिची तीन गावं, माझं नाव, खाली सही. तारखेपाशी पेन थांबला. तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "तारीख मी टाकीन."

त्याला आता दीड वर्ष झालं. माझी मुलगी घरभर पळते. माझ्या नावाने तिच्या साझ्याचा आदेश अजून आलेला नाही.