साडूभाऊंची एक सही

चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत धावणाऱ्या झाडून साऱ्या जिपांच्या कमरेचं दुखणं एकट्या आमच्या साडूभाऊंच्या कानात येऊन बसलं होतं. पंक्तीत जेवताना रस्त्यावरून जीप गेली की त्यांचा घास हवेतच थांबायचा. "मागचा डावा बुश खाल्ला हिनं," ते वाढप्याला सांगायचे, नि वाढप्या घाबरून त्यांना आणखी एक बुंदीचा लाडू वाढायचा. सख्ख्या पुतणीच्या लग्नात बुद्धवंदना चालू असताना ते गायब झाले. शोधलं तर वऱ्हाडाच्या जिपेखालून पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय बाहेर. वर आम्हालाच दम, "वऱ्हाडी मेले तरी चालते का तुमाले?"

एका सरकारी कचेरीच्या गॅरेजात ते मेकॅनिक, नि मी तिथलाच टायपिस्ट. बुश म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पाट्याच्या टोकाशी बसणारं अंगठ्याएवढं रबर. रस्त्याचे गचके पाटा खातो, पाट्याचे गचके बुश. त्याचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जॅकवरून उतरवून, रोजचं ओझं आत भरून, हा साडूभाऊंचा कायदा. लटकत्या गाडीत आवळला की रबर पिळलेलंच जखडतं नि फाटतं. म्हणून मजुरांची जीप आली तेव्हा त्यांनी रस्त्यावरची सतरा माणसं आणि दोन बकऱ्या आत कोंबल्या.

"बकऱ्या काऊन, साडूभाऊ?"

"बाजाराच्या दिवशी रिकामी येते का गाडी?"

त्यात एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तासाभरानं तिनं विचारलं, "काऊन रे भाऊ, मूल गाव कधी येईन?"

"बाई, ही गाडी हालत नाई."

"मले वाटलंच. सरकारी हाय ना!"

असा माणूस साहेबाच्या डोळ्यांत खुपणारच. त्या पावसाळ्याआधी साहेबाच्या जिपेसाठी नागपुराहून नवे जाड पाटे आले. बुश आलेच नाहीत. जुने तर कुत्र्यानं चघळून टाकल्यासारखे. साहेबाला दुसऱ्या दिवशी अहेरीच्या दौऱ्यावर जायचं होतं. साडूभाऊ म्हणाले, "नव्या पाट्यात जुने बुश मी टाकत नाई. गाडी ठीक हाय म्हणून सही तर मुळीच नाई."

साहेबानं मला बोलावून साडूभाऊंच्या सिरोंच्याच्या बदलीचा हुकूम टाइप करायला सांगितला. मी केला. एकही चूक झाली नाही, हे विशेष. त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या आक्कांचा, एक डोळा गेल्यातच जमा होता, नि दुसऱ्याच्या ऑपरेशनची तारीख चंद्रपूरच्या दवाखान्यात महिन्याभरावर आली होती. सिरोंच्याला गेलं तर पावसात रस्ते बंद, तारीख बुडाली, डोळाही बुडाला. मी तो कागद गॅरेजात नेऊन त्यांच्यापुढं धरला.

"साडूभाऊ, रबराच्या तुकड्यासाठी आक्काले आंधळं करून राह्यले का तुम्ही?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग जुने बुश फडक्यानं पुसून नव्या पाट्यांत बसवले, नि सही केली. बदलीचा कागद साहेबानं माझ्यासमोर फाडला.

जीप कुठे दरीत पडली असेल असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. खरं सांगतो, थोडी आशाच होती. काही झालं नाही. अहेरीला गेली, आली, पुढं चार पावसाळे कुरकुरत धावली. साडूभाऊ निवृत्त झाले, त्या निरोपसमारंभात साहेबानं त्यांना "समजूतदार कर्मचारी" म्हटलं. उभ्या नोकरीत त्यांना कुणी इतकं वाईट बोललं नव्हतं. त्यांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. "घ्या साडूभाऊ, तुमचीच कमाई हाय."

आक्का आता सकाळी अंगणात बसून मोठ्यानं पेपर वाचतात, नि साडूभाऊ शेजारी डोळे मिटून ऐकतात. फाटकातून ते पाहिलं की वाटतं, बरंच केलं आपण. मग त्यांचे डोळे उघडतात. "या, बसा," म्हणतात. मी बसतो. आक्का चहा ठेवायला आत जातात, आणि त्या परत येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांची नजर टाळून पेपरातली चित्रं बघतो.